निळ्या अंड्यातून निघाली तपकिरी

पत्र :

घरामागे माझ्या ५ कोंबड्या आहेत, सगळ्या तपकिरी अंडी घालणाऱ्या. गेल्या वर्षी एका ओळखीच्यांकडे निळं अंडं पाहिलं आणि वेडच लागलं. त्यांच्या कळपात तसं अंडं घालणारी एकच कोंबडी. तिची १२ अंडी त्यांनी दोनेक आठवडे जमवून मला दिली. मी छोटं उबवणी यंत्र घेतलं आणि कोरडं पडू नये म्हणून पहिल्या दिवसापासून आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर ठेवली. सातव्या दिवशी २ अंडी रिकामी निघाली. बावीस दिवस होऊन गेले तेव्हा कुठे ४ पिल्लं बाहेर आली, तीही ओली, चिकट. तिघांनी कवचाला टवका पाडला आणि तिथेच थांबली. त्यातली दोन मी सोलून बाहेर काढली, ती तासाभरात गेली. तिसरं आतच गेलं. उरलेली ३ अंडी नंतर फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढलेली मेलेली पिल्लं. जगलेल्या चौघांत ३ नर. आणि एकुलत्या एका तलंगेनं परवा पहिलं अंडं घातलं, ते तपकिरी! घरात सगळे हसतायत. मला फसवलं का? या तीन नरांपैकी एक ठेवला तर माझ्या कोंबड्यांपासून हिरवी अंडी घालणाऱ्या कोंबड्या तयार होतील का? एक कोंबडी सध्या खुडूक बसली आहे, तिच्याखाली अंडी ठेवू की पुन्हा यंत्र लावू? आणि ती पिल्लं माझ्या हातानं मेली का, हे खरं सांगा.

– निळ्याच्या नादी लागलेली

उत्तर :

नाही, तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. त्यांनी निळं अंडं देतो म्हटलं आणि निळंच दिलं. गोंधळ एवढाच झाला की कवचाचा रंग हा अंडं घालणारीचा असतो, आतल्या पिल्लाचा नाही. कवच चढतं आईच्या पोटात, आईच्या जनुकांच्या हुकमानं. कोंबड्याचं बीज त्याच्या कितीतरी आधी बलकापाशी पोचलेलं असतं, पण कवच रंगवण्यात त्याला कुणी विचारत नाही. म्हणून निळं अंडं फक्त एवढंच सांगतं की याची आई निळं अंडं घालते. आतली लेक मोठी होऊन कोणतं अंडं घालेल, त्यात निम्मा वाटा बापाचा. आणि तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात बापाबद्दल एक अक्षर नाही! तुम्ही विचारलंच नसणार. मीही पहिल्या खेपेला विचारलं नव्हतं.

आता रंगाच्या भानगडीत जरा खोल शिरू, कारण तुमच्या तीन नरांपैकी कुणाला ठेवायचं ते तिथेच ठरणार आहे.

कोंबडीच्या अंड्यावर कितीही छटा दिसल्या तरी रंगद्रव्यं मुळात दोनच. निळं ते बिलिव्हर्डिन आणि तपकिरी ते प्रोटोपॉर्फिरिन. दोन्ही नसली की कवच पांढरं. बिलिव्हर्डिन तुम्ही पाहिलेलं आहे. मुका मार लागला की काही दिवसांनी काळंनिळं उतरत जातं आणि कातडीवर हिरवट झाक येते ना, ती त्याचीच. या दोन रंगांची चढण्याची रीत मात्र वेगळी. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले वीसेक तास कवच चढण्यातच जातात. निळा रंग कवचाबरोबर मुरत जातो, आरपार. तपकिरी बहुतांश शेवटच्या काही तासांत वरून बसतो, भिंतीला शेवटचा हात मारावा तसा. गडद तपकिरी अंडं नुकतंच घातलेलं, ओलसर असताना बोटानं चोळलं तर रंग बोटाला लागतो तो त्यामुळेच. हिरवा म्हणून वेगळा रंग नाहीच. निळ्या कवचावर तपकिरी हात पडला की हिरवं, आणि तो हात दाट पडला की ऑलिव्ह.

यातून एक घरगुती परीक्षा निघते आणि ती तुम्ही आजच करा. तलंगेचं एखादं अंडं फोडलं की रिकामं कवच धुवा, आतला पातळ पडदा सोलून काढा आणि कवचाची आतली बाजू उजेडात पाहा. आतून निळसर दिसलं तर तिच्यात निळा जनुक आहे, बाहेरून कवच कितीही मातकट असो. पांढरं दिसलं तर नाही. ती बाहेरून तपकिरी पण आतून निळी निघाली, तर तुमची अर्धी तक्रार इथेच मिटली. पण पत्रावरून ती साधी तपकिरीच असावी असं धरून पुढचं लिहिते.

निळा जनुक वरचढ आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती येतात, त्यातली एक निळी असली तरी अंडं निळं (किंवा हिरवं) येतं. हे नीट दाखवून दिलं रेजिनाल्ड पनेट यांनी, १९३३ मध्ये. आनुवंशिकतेच्या धड्यात आपण चौकोन काढून जो हिशोब मांडतो, तो ज्यांच्या नावानं ओळखला जातो तेच हे पनेट. पुढे २०१३ मध्ये कळलं की मुळात ही एका विषाणूची करामत. फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात एका विशिष्ट जागी घुसून बसला आणि त्यानं शेजारच्या जनुकाला कवच घडतं तिथे कामाला लावलं. गंमत म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अरौकानासारख्या कोंबड्यांत आणि चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांत हे दोन वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे घडलं. मला हे वाचून जेवढं नवल वाटलं होतं तेवढं अजून कोंबड्यांच्या दुसऱ्या कशाचं वाटलेलं नाही. असो.

तुमच्या घरच्या हिशोबाकडे येऊ. ज्या कोंबडीकडे निळ्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत तिला आपण दुहेरी म्हणू, एकच प्रत असलेलीला एकेरी. दोघींचीही अंडी निळीच दिसतात, नुसतं पाहून फरक कळत नाही. पण तुमच्या तलंगेनं चहाडी केली आहे. ती तपकिरी, म्हणजे तिला आईकडून निळी प्रत मिळाली नाही. आणि आई दुहेरी असती तर ती मिळालीच असती. म्हणजे आई नक्की एकेरी. तसंच बापही दुहेरी नव्हता, तो एकेरी असेल नाहीतर कोरा, म्हणजे एकही निळी प्रत नसलेला. (त्या कळपात एकापेक्षा जास्त कोंबडे असतील तर एकेका पिल्लाचा बापही वेगळा असू शकतो, तेही विचारा.)

बाप कोरा असेल तर तुमच्या प्रत्येक नरात निळी प्रत असण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. बाप एकेरी असेल तर चारात एक दुहेरी, दोन एकेरी, एक कोरा. नराला अंडं घालता येत नाही, त्यामुळे तो काय घेऊन फिरतोय हे तो स्वतःहून सांगत नाही. आणि तुमच्या ५ कोंबड्या तपकिरी असल्यामुळे हिरव्या अंड्यांसाठी लागणारा निळा भाग सगळाच्या सगळा त्याच्याकडून यायचा आहे. तो दुहेरी असेल तर सगळ्या लेकी हिरवी अंडी घालतील. एकेरी असेल तर निम्म्या. कोरा असेल तर तुम्ही वर्षभर तपकिरी कोंबड्यांतून तपकिरी कोंबड्याच काढत बसाल.

एक धागा आहे, तो तपासून पाहा. निळ्या अंड्याचा जनुक आणि वाटाण्याच्या शेंगेसारख्या तुऱ्याचा जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी बसतात. हा तुरा बुटका असतो, डोक्याला चिकटलेला, त्यावर दाण्यांच्या तीन ओळी. मधली थोडी उंच. करवतीसारखा उभा तुरा आपण नेहमी पाहतो, तसा नव्हे. शेजार इतका जवळचा की पिढी पुढे जाताना ही जोडी शंभरात चार-पाचदाच तुटते. तेव्हा ओळखीच्यांना विचारा: निळं अंडं घालणारीचा तुरा कसा आहे, आणि कोंबड्याचा कसा होता? आई शेंगतुऱ्याची, बाप उभ्या तुऱ्याचा आणि तुमची तपकिरी तलंगही उभ्या तुऱ्याची, असं जुळलं तर तुमच्या तीन नरांत ज्याच्या डोक्यावर शेंगतुरा असेल त्याच्यात निळी प्रत जवळजवळ नक्की आहे. तलंगेलाही शेंगतुरा असेल तर मात्र हा धागा तुटला. आईच उभ्या तुऱ्याची असेल तरी तुटला. लेगबार जातीच्या क्रीम प्रकारात निळं अंडं आणि उभा तुरा हे एकत्रच चालतात, त्यामुळे तिथून आलेल्या कोंबड्यांत तुऱ्यावरून काहीच कळत नाही.

धागा नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे लेकींवरून बापाची परीक्षा. एका नराच्या, तपकिरी कोंबड्यांपासून झालेल्या ६ लेकी मोठ्या होऊन सगळ्याच तपकिरी अंडी घालू लागल्या, तर तो एकेरी असूनही असं घडण्याची शक्यता ६४ त १. म्हणजे त्याला कोरा समजून निरोप द्यायला हरकत नाही. पण ६ लेकी हव्यात म्हणजे १२ पिल्लं हवीत, आणि तुमच्या मागच्या हिशोबानं १२ पिल्लांना ३६ अंडी. वर ६ महिने थांबायचं. तीन नरांसाठी तीनदा. मी हा उद्योग करणार नाही. काही प्रयोगशाळा पिसावरून किंवा रक्तावरून निळ्या जनुकाची तपासणी करून देतात. ती सोय हाताशी असेल तर तेवढं करून मोकळ्या व्हा.

माझा सल्ला विचाराल तर तीन नरांचा मोह सोडा आणि ज्याचे दोन्हीकडचे आजी-आजोबा निळ्या घराण्यातले, ज्या कळपात पिढ्यान् पिढ्या तपकिरी अंडं दिसलेलंच नाही, असा एक कोंबडा आणा. तो बहुधा दुहेरी असतो. तुमच्या ५ तपकिरी कोंबड्या त्याच्याखाली, आणि पहिल्याच पिढीत लेकींची अंडी हिरवी. अरौकाना आणत असाल तर एक सांभाळा. कानाजवळ पिसांचे झुपके असलेले नर-मादी एकत्र ठेवू नका. तो झुपक्यांचा जनुक दोन्हीकडून आला की पिल्लू अंड्यातच मरतं. तुमच्या कोंबड्यांना झुपके नसतील तर फारशी चिंता नाही.

हिरवा किती गडद येईल ते तुमच्या कोंबड्यांच्या तपकिरीवर. इथे निळ्यासारखा सरळ हिशोब नाही. तपकिरी रंग अनेक जनुकांनी मिळून ठरतो, त्यामुळे लेकी साधारण आई आणि बापाच्या घराण्याच्या मधल्या छटेवर येतात. ऑलिव्ह हवं असेल तर हिरव्या अंड्याच्या लेकींवर मारां किंवा वेलसमरसारख्या गडद अंड्यांच्या घराण्यातला कोंबडा सोडावा लागेल, आणि तेव्हाही लेकींपैकी निम्म्यांनाच निळी प्रत मिळेल. बाकीच्या चॉकलेटी-तपकिरी अंडी घालतील. प्रत्येक पिढीला २१ दिवस अधिक साधारण ६ महिने. निळ्या अंड्यांच्या काही कोंबड्या तर सातव्या महिन्यापर्यंत वाट पाहायला लावतात. छटांची तुलना करताना एक चूक सगळेच करतात: हंगामाच्या सुरुवातीची अंडी एकीची आणि शेवटची दुसरीची. सलग अंडी घालता घालता तपकिरी रंग फिका होत जातो आणि पिसं झडून पुन्हा सुरुवात झाली की परत गडद येतो. कडक उन्हाळा, घाबरणं, आजारपण यांनीही फिका पडतो. तेव्हा एकाच आठवड्यातली अंडी शेजारी ठेवून ठरवा, आणि पहिल्याच अंड्यावरून कुणाला पास-नापास करू नका.

हो, कोंबडे बदलताना घाई नको. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. तुमचे तिन्ही नर आता वयात आलेत आणि बहुधा कोंबड्यांतच फिरतायत. नव्या कोंबड्याची पिल्लं हवीत तर या तिघांना आधी वेगळं करा, तीन आठवडे जाऊ द्या, मगच उबवायची अंडी गोळा करा. नवा पाहुणाही आल्या आल्या कळपात सोडायचा नाही, तीन-चार आठवडे लांब, वेगळ्या खुराड्यात. हे दोन्ही एकाच वेळी उरकतं. मग त्याला आत सोडल्यावर आठ-दहा दिवसांनी अंडी धरायला लागा.

आता तो दुखरा प्रश्न.

पिल्लं तुमच्या हातानं मेली असं मी म्हणणार नाही, पण तुमच्या यंत्रात मेली हे खरं. लक्षणं सगळी एकाच दिशेला बोट दाखवतात. अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाला आतलं पाणी हळूहळू उडून जायला हवं असतं. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के घटलं पाहिजे. ६० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ५३ ग्रॅमच्या आसपास. जेवढं पाणी जातं तेवढी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि बाहेर येण्याआधी पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून ७० टक्के आर्द्रता ठेवलीत, पाणी उडालंच नाही, पोकळी लहान राहिली. पिल्लं फुगलेली, चिकट, वळायला जागा नाही, श्वासाला हवा नाही. पूर्ण वाढून आतच मेलेली ती तिघं बहुधा यामुळेच. पहिले १८ दिवस ४५ ते ५० टक्के पुरे. शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०.

उशीर झाला त्याची कारणं दोन असावीत. अंडी जुनी होती. आठवड्याच्या आतली अंडी उत्तम. त्यापुढे दर दिवशी उबण्याची शक्यता घटत जाते आणि जी उबतात त्यांनाही थोडा जास्त वेळ लागतो. जमवताना ती थंड जागी, १५ अंशांच्या आसपास, बोथट टोक वर करून ठेवायची आणि धुवायची नाहीत. लांबून आणलेली अंडी यंत्रात घालण्याआधी एक दिवस स्वस्थ ठेवायची. दुसरं कारण म्हणजे यंत्राचं तापमान किंचित कमी असणार. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला मोजून ३८.५ च्या आसपास, कारण तिथे वरची हवा गरम आणि खालची थंड राहते. यंत्राच्या झाकणावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतो, तो अंडी ठेवायच्या जागी ठेवून ताडून पाहा. आर्द्रतामापकाची परीक्षाही सोपी आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, ते आणि मापक एका घट्ट झाकणाच्या बरणीत सात-आठ तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ७० दाखवत असेल तर तुमचा मापक ५ नं कमी सांगतो, म्हणजे तुमच्या यंत्रात तुम्ही समजत होता त्याहूनही जास्त ओल होती! दोन्ही परीक्षा यंत्र रिकामं असतानाच करायच्या, आणि अंडी घालण्याआधी एक पूर्ण दिवस ते चालवून बघायचं.

मधल्या काळात अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची, अठराव्या दिवशी थांबायचं आणि झाकण लावून हात मागे बांधायचे. वीज गेली तर यंत्रावर जाड पांघरूण टाका आणि फार घाबरू नका. थोडा वेळ गार पडणं अंडी बहुधा सोसतात, जास्त तापणं सोसत नाहीत. बॅटरीच्या उजेडात तपासताना निळ्या-हिरव्या आणि गडद कवचांतून सातव्या दिवशी नीट दिसत नाही. ती दहाव्या दिवशी पाहा, उगाच जिवंत अंडं फेकलं जायला नको.

सोलून काढण्याबद्दल सांगते. माझ्या दुसऱ्या खेपेला एका अंड्याला सकाळी टवका पडला, संध्याकाळपर्यंत पुढे काही नाही. मी चिमट्यानं कवच काढायला घेतलं. पडदा फाटला आणि लाल रेघ उमटली, मग ती थांबेचना. पिल्लू तयार होतं, पण पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून आटल्या नव्हत्या आणि बलकही पोटात पूर्ण ओढला गेला नव्हता. मला वाटत होतं ते अडकलंय. ते नुसतं थांबलं होतं. पहिल्या टवक्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास सहज जातात, आणि त्या वेळात पिल्लू आपलं काम करत असतं, फक्त आपल्याला दिसत नाही. तुमची दोन तासाभरात गेली ती याच टप्प्यावर असणार. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की ओल निघून जाते आणि इतर अंड्यांतला पडदा सुकून पिल्लाला आवळतो. तिसरं कदाचित त्यानं गेलं. बाहेर आलेली पिल्लं दोन दिवस दाणापाण्याशिवाय राहू शकतात, पोटातल्या बलकावर; तेव्हा त्यांच्यासाठीही झाकण उघडायची घाई नको.

मदत कधीच करायची नाही असं नाही. टवक्यानंतर २४ तास उलटले, काही हालचाल नाही आणि दिसणारा पडदा कोरडा, पिवळट, चामड्यासारखा झालाय, तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं तो ओला करा आणि टवक्याभोवतीचा कवचाचा एखादा तुकडा काढा. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा, अंडं परत आत. तासाभरानं पुन्हा.

चारात तीन नर आले यात यंत्राचा किंवा तुमचा दोष नाही. चार पिल्लांत तीन किंवा चारही नर येण्याची शक्यता १६ त ५, म्हणजे काही विशेष नाही. नर-मादी ठरतं आईच्या बीजावर, अंडं घालण्याआधीच. तापमानानं बदलत नाही, आणि टोकदार अंड्यात नर, गोल अंड्यात मादी हेही खरं नाही. पुढच्या वेळी १२ पिल्लं निघाली तर त्यात ६ नर धरून चाला आणि ते कुठे जाणार हे अंडी ठेवण्याआधी ठरवा. खाणार, देणार, की वेगळे पाळणार? त्याचं उत्तर नसेल तर अंडी ठेवू नका. याबाबतीत मी कडक आहे, कारण पाच महिन्यांचे सहा कोंबडे पहाटे चारला एकमेकांना उत्तरं देऊ लागले की शेजाऱ्यांशी बोलणं बंद होतं.

राहिली तुमची खुडूक. कोंबडीइतकं चांगलं यंत्र नाही. तापमान, ओल, फिरवणं, शेवटी आवाज देऊन पिल्लांना बाहेर बोलावणं, सगळं तिला येतं, आणि नंतर पिल्लांना ऊब द्यायला दिवाही लागत नाही. मला विचाराल तर दहा-बारा अंड्यांसाठी मी यंत्र लावणारच नाही. पण आत्ता तिच्याखाली ठेवायला तुमच्याकडे अंडी कोणती आहेत? या तीन नरांची, ज्यांच्याबद्दल काही माहीत नाही. शेंगतुऱ्याचा धागा जुळला असेल तर त्या एका नरासाठी हे रवण (कोंबडीखाली उबवायला ठेवायची अंडी) लावून बघायला हरकत नाही, बाकी दोघांना वेगळं करून तीन आठवडे गेल्यावर. तोवर ती बसून राहिली तर तिच्याखाली दोन-चार खोटी अंडी ठेवा, रोज उठवून खायला घाला. फार दिवस बसून ती वाळायला लागली तर मात्र सोडवा. जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवली की बहुधा उतरते. पुन्हा खुडूक होईलच, एकदा होणारी परत होते.

बसवाल तेव्हा रात्री, अंधारात, इतरांपासून आडोशाला. सगळी अंडी एकाच वेळी ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं गोल रेघ ओढा, कारण दुसऱ्या कोंबड्या हमखास तिथे येऊन अंडं घालून जातात. बिनरेघेचं दिसलं की उचला. ती दिवसातून एकदा उठून १५-२० मिनिटं खाऊन-पिऊन, विष्ठा टाकून परत येते. तेवढ्यात अंडी गार पडली म्हणून धावू नका. बसवण्याआधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीशी पिसवा-गोचिडं बघा. तीन आठवडे एका जागी बसलेली कोंबडी म्हणजे त्यांची चैन.

यंत्रातून काढलेल्या पिल्लांचं थोडक्यात: पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिव्याखाली दाटीवाटीनं बसली तर गार पडतायत, कडेला पळून चोची उघड्या टाकतायत तर तापतायत. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. पाण्याच्या भांड्यात खडे टाका, बुडायला नकोत. खाणं पिल्लांचंच, अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं.

तपकिरी तलंगेला नावं ठेवू नका, तिच्यामुळेच तर तिच्या आईबापाचं खरं रूप कळलं. फक्त तिची अंडी रवणाच्या टोपलीत जाऊ देऊ नका, निदान तिचा भाऊ कळपात असेपर्यंत. तिच्या पायात रंगीत कडं घाला, तिन्ही नरांच्याही पायात वेगवेगळ्या रंगांची, आणि एक वही करा: कोण कुणाचं, तुरा कसा, पहिलं अंडं कधी, कवच आतून कसं. ओळखीच्यांना फोन कराल तेव्हा वही समोर ठेवूनच करा. आधी आईचा तुरा, मग कळपात कोंबडे किती होते ते, आणि मग त्या कोंबड्यांच्या आया कोणत्या रंगाची अंडी घालायच्या ते विचारा.